टपावरचं घरटं

आमच्या घरात ओम्नीला कुणी ओम्नी म्हणत नव्हतं. पपा ‘व्हॅन’ म्हणायचे, शमाय ‘शपायची गाडी’ म्हणायची आणि माझे मित्रमैत्रिणी तिला ‘कॅरॅव्हॅन’ म्हणायचे. गाडी गेल्या सप्टेंबरात गेली. तिच्या शेवटच्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते, कारण त्यात मी फारशी चांगली वागलेली नाही. पण संपादकांनी ‘उन्हाळा’ असा विषय दिला आणि दुसरं काही सुचेना.

शपाय म्हणजे माझे आजोबा. शमाय म्हणजे आजी. आमचं मूळ गाव गोव्यात, पण दोन पिढ्या बेळगावात गेल्या. त्यामुळे घरात कोकणी थोडी, मराठी भरपूर आणि इंग्रजी शाळेची. शपाय कॅम्पातल्या आणि आसपासच्या हॉटेलांना पाव पोचवायचे. आधी सायकलवरून, मग लुनावरून, आणि २००५ मध्ये त्यांनी ही पांढरी ओम्नी घेतली. ७९६ सीसीचं इंजिन, सरकता दरवाजा, आणि चढ आला की रडकुंडीला येणारा आवाज. हिंदी सिनेमात पळवून न्यायला हीच गाडी वापरतात म्हणून शाळेत मला पोरं चिडवायची. मारुतीनं २०१९ मध्ये ही गाडी बनवणंच बंद केलं, पण शपायना त्याचं काही नव्हतं. अठरा पूर्ण होताच त्यांनी मला याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले.

टपावर लोखंडी कॅरियर आणि त्यावर सुतळीनं बांधलेली वेताची एक मोठी टोपली. पाव उरले, की त्यात ठेवायचे. शपाय गेल्यावर पाव बंद झाले, पण टोपली सोडायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मग गाडी आमची झाली. आमची म्हणजे पाच जणांची. खरी नावं लिहिली तर भांडणं होतील, म्हणून टोपणनावंच लिहिते. मॅनेजर, बी.कॉम., आमच्याहून एक वर्ष पुढे. सहलीला निघायच्या आधी हा मोबाइलवर तक्ता बनवणार. डॉक्टर, प्राणिशास्त्रवाली, जिला डॉक्टर व्हायचं नाहीये. कवी, माझ्याच वर्गात, जिच्या पिशवीत इंदिरा संतांचं ‘मेंदी’ कायम असतं. बाई आमच्याच गावात राहिल्या, आमच्याच गावात लिहिलं, याचा तिला स्वतःचं घर असल्यासारखा अभिमान. आणि बोका, ज्याच्याविषयी फक्त एवढंच सांगते, की डबा त्याच्या शेजारी ठेवायचा नाही.

शमायनं जुन्या चादरीचे पडदे शिवून दिले. मागं एक गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, पत्त्यांचा कॅट. रात्री बाहेर राहायची परवानगी आम्हा मुलींना नव्हती, त्यामुळे आमची कॅरॅव्हॅन दिवसापुरतीच. पहाटे पाचला निघायचं, दिवे लागायला परत. राकसकोपचा जलाशय, देवरवाडीचा वैजनाथ, गोकाकचा धबधबा, पारगड. गेल्यावर फार काही करायचोही नाही. सरकता दरवाजा उघडा टाकून सावलीत पडायचं, पोहे करायचे, कवीच्या कविता ऐकायच्या आणि बोका झोपला की त्याचे बूट लपवायचे.

हे सगळं २०२५ च्या उन्हाळ्यात संपणार होतं. गाडीच्या नोंदणीची पहिली पंधरा वर्षं २०२० मध्ये भरली, पुढं पाच वर्षांसाठी ती वाढवून घेतलेली, तीही सप्टेंबरात संपणार. पपांनी सरळ सांगितलं, आता पुन्हा खर्च नको, गिऱ्हाईक बघतो. आणि मॅनेजरला बेंगळुरूला नोकरी लागली. सोमवार, २६ मे रोजी हजर व्हायचं होतं. म्हणून शेवटची सहल ठरली शनिवारी, १७ मे रोजी, आंबोलीला. तक्ता तयार झाला. कुणी काय आणायचं, कुठं थांबायचं, सगळं.

आता आमचं परसू. घर लहान, पण मागं-पुढं जागा आहे. एक पायरी आंबा, फणस, रामफळ, दोन पेरू, कढीपत्ता, जास्वंदीचं कुंपण. मे महिन्यात दुपारी माणसं झोपतात तेव्हा तिथं दुसऱ्यांची वर्दळ सुरू होते. फणसावर तांबट टुक् टुक् करत बसतो, तासन्‌तास. जास्वंदीला शिंजीर लटकतात. भिंतीवर सरडा डोकं लाल करून दंड काढल्यासारखा वरखाली होतो. डॉक्टर म्हणते, विणीच्या दिवसांत नर असाच मिरवतो. बरोबर अडीचच्या सुमाराला मुंगूस कंपाउंडच्या भोकातून येतं, नळाखालच्या घमेल्यात पाणी पितं आणि कुणाचं काही देणं नसल्यासारखं निघून जातं. शमाय त्याला ‘मुकादम’ म्हणते.

मे महिना आमच्याकडे तसा गडबडीचाच. मरियेचा महिना म्हणून संध्याकाळी रोज कुणाच्या तरी घरी रोझरी. शिवाय शमायचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. कैऱ्या मिठात घालायच्या, मिरच्या वाळवायच्या, कोकमं, चिंच, आणि मुख्य म्हणजे सुके मासे. पोर्चच्या पुढ्यात खाट टाकून त्यावर मासे पसरायचे आणि हातात काठी घेऊन कावळे हाकलत बसायचं, हा तिचा दरवर्षीचा कार्यक्रम.

२ मेला मी गाडी धुवायला काढली, तर टोपलीतून बुलबुल उडाला. शेपटीखाली लाल असतो तो, लालबुड्या. मला वाटलं, असाच बसला असेल. दुसऱ्या दिवशी चोचीत वाळलेलं गवत. मी स्टुलावर चढून पाहिलं. टोपलीच्या कोपऱ्यात वाटी तयार होत होती. काड्या, मुळं, कोळ्याच्या जाळ्याचे धागे, आणि मध्ये पावाच्या प्लॅस्टिक पिशवीची एक पट्टी. कुठल्या तरी फटीत शपायच्या काळापासून अडकून राहिली असणार.

६ तारखेला एक अंडं होतं, ८ तारखेला तीन. फिकट गुलाबी, त्यावर लालसर ठिपके.

८ मेची रात्र मला नीट आठवते. आठवडाभर टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या चालू होत्या, शमाय त्या लावू देत नव्हती. त्या रात्री मात्र आम्ही सगळे रोमकडे डोळे लावून बसलो होतो. पोप फ्रान्सिस ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गेले होते, आणि नव्या पोपची निवड सुरू होती. धुराडं दाखवत होते, धूर काही येत नव्हता. आणि त्या छपरावर सीगल पक्ष्यांची जोडी आणि एक छोटं करड्या रंगाचं पिल्लू. सगळं जग धुराड्याकडे बघतंय आणि ते पिल्लू आपलं छपरावरून तुरुतुरु चाललंय.

शमाय म्हणाली, “बघ गे बाय, चिमणीजवळ पिल्लू.”

पपा म्हणाले, “चिमणी नव्हे, सीगल.”

“धुराची चिमणी म्हणतेय मी,” ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. थोड्या वेळानं पांढरा धूर आला. शमायनं क्रूस काढला, डोळे पुसले आणि पोप कोण झाले ते कळायच्या आतच म्हणाली, “आपल्या गाडीवरची पण फुटूदेत तोवर. गाडी हलवायची नाही.”

मी तो निरोप ग्रुपवर टाकला. डॉक्टरनं लगेच हिशोब मांडला. अंडी उबायला साधारण बारा ते चौदा दिवस, मग पिल्लं उडून जायला अजून तेवढेच. म्हणजे जूनच उजाडणार. घरटं उचलून दुसरीकडे ठेवलं तर आईबाप ते सोडून देण्याची भीती. बोक्यानं रडका चेहरा टाकला. कवीनं लिहिलं, किती सुंदर. मॅनेजरनं काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. पोर्चात उभं राहून बराच वेळ वर बघत राहिला. मादी बसलेली होती, नुसतं डोकं दिसत होतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “बोलेरो सांगू या. ओळखीचा ड्रायव्हर आहे. पाच जणांत काय फार पडणार नाही.”

सोपं होतं की नाही? खरंच सोपं होतं. पण मी म्हणाले, “ओम्नीशिवाय मी येणार नाही. तुम्ही जा की.”

“अगं, गाडीपेक्षा आपण पाच जण…”

“तुम्ही जा म्हणाले ना.”

माझ्याशिवाय ते जाणार नाहीत, हे मला माहीत होतं. तेही त्याला माहीत होतं. त्यानं हेल्मेट घातलं. जाताना म्हणाला, “पक्ष्याचं निमित्त आहे.” मला इतका राग आला, की मी त्याला निष्ठुर, हिशेबी, आणखी बरंच काही म्हणाले. त्या वेळी माझी खात्री होती, की मी तीन अंड्यांच्या बाजूनं उभी आहे आणि तो तक्त्याच्या.

१७ मे आला आणि गेला. मी त्या दिवशी परसात वाचत बसले. एकाही पानातलं काही आठवत नाही.

शमायनं मात्र न बोलता एक गोष्ट केली. त्या वर्षी तिनं सुके मासे पोर्चपुढं टाकलेच नाहीत. वासावर कावळे येतात, आणि कावळ्यांची नजर घरट्यावर. म्हणून रोज सकाळी मासे डब्यात भरून पलीकडच्या काकूंच्या गच्चीवर न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. गुडघे दुखतात तिचे. मी म्हणाले, “मी नेते.” ती म्हणाली, “तू वाच.” काकूंना मासे चालत नाहीत, पण त्यांनीही नाक मुरडलं नाही. उलट वरून ओरडायच्या, “कावळा आलाय खाली, बघा की!”

२० आणि २१ तारखेला दोन पिल्लं बाहेर आली. तिसरं अंडं तसंच राहिलं. पिल्लं म्हणजे नुसती उघडी चोच. बाकी शरीर त्या चोचीला जोडलेलं काहीतरी. आईबाप दिवसभर किडे, अळ्या, पेरूचे तुकडे आणत. त्याच दिवसांत पाऊस सुरू झाला. वळीव येतो आणि जातो, हा जाईना. २४ मेला बातमी आली, मान्सून केरळात पोचला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. शमायच्या निम्म्या मिरच्या ओल्या राहिल्या.

त्याच रात्री मॅनेजरची बस होती. बाकीचे तिघं स्टँडवर गेले. मी गेले नाही. पाऊस आहे, म्हणून कळवलं. खरं तर आमच्या घरापासून स्टँड रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. मी पोर्चात खुर्ची टाकून बसले होते. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की काही ऐकू येत नव्हतं. टपावर ती मादी पंख पसरून पिल्लांवर बसली होती, आणि मला पहिल्यांदाच स्वतःशी कबूल करावं लागलं, की तो म्हणाला ते खरं होतं. निमित्त होतं. अंडी नसती तर मी टायर, बॅटरी, ताप, काहीतरी शोधलं असतं. आंबोली झाली असती, तर ती शेवटची झाली असती. मग गाडी विकली जाणार, तो जाणार, पुढच्या वर्षी आम्हीही पांगणार. सहल झालीच नाही तर ती शेवटची कशी होईल, असा काहीतरी पोरकट हिशेब माझ्या डोक्यात चालला होता. त्याला मी हिशेबी म्हणाले होते.

मी फोन काढला. ‘नीट जा’ एवढंच लिहिलं. त्यानं अंगठा पाठवला.

२७ तारखेला सकाळी घरट्यात एकच पिल्लू होतं. कॅरियरच्या दांडीवर दोन पिसं. काकूंनी वरून सांगितलं, कावळाच होता, हाकलेपर्यंत गेला. मी खूप रडले, प्रमाणाबाहेर. शमायनं जवळ घेतलं नाही की समजावलं नाही. चहा केला, आणि म्हणाली, “एक हाय अजून. खाऊ मागतंय बघ.”

ते एक १ जूनला गेलं. रविवार होता. मिस्साहून आलो तर पिल्लू टोपलीच्या काठावर बसलेलं, शेपूट अजून आलेलीच नाही. आई जास्वंदीवरून हाका मारत होती. त्यानं उडी मारली, म्हणजे जवळजवळ पडलंच, मग कढीपत्त्यात घुसलं. बस्स. पंचवीस दिवस ज्याच्यासाठी घर पायाच्या बोटांवर चाललं होतं, ते एका मिनिटात संपलं. मुंगूस अडीचला आलं, तेव्हा शमायनं पहिल्यांदाच त्याला काठी दाखवली.

आंबोलीला आम्ही १४ जूनला गेलो. चौघं. हिंडलगा सोडलं, शिनोळीला महाराष्ट्र लागला, दुकानांच्या पाट्यांवरची कन्नड गेली, आणि पावसानं काचेपलीकडचं सगळंच पुसून टाकलं. मागची सीट मोकळी मोकळी वाटत होती. बोका तिथं आडवा होऊ शकला असता, पण झाला नाही. आंबोलीच्या अलीकडे नांगरतास धबधबा नुसता गरजत होता. हिरण्यकेशीला गेलो. देवळापाशी जिथं नदी उगम पावते तिथल्या कुंडात एक छोटा मासा आहे, २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, हिरण्यकेशीच. पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. डॉक्टर हे सांगताना असा चेहरा करून उभी होती, जणू मासा तिच्याच घरचा. एवढ्याशा कुंडापुरता जीव, आणि त्याच्यासाठी सरकारी आदेश. कवी म्हणाली, “तुझ्या शमायनं सरकारच्या आधी आदेश काढला होता.”

परतताना एका पानावर मलबारी उडता बेडूक दिसला. हिरवागार, पायांच्या बोटांमध्ये लाल पडदे. पाण्यावर झुकलेल्या फांदीला त्याचं फेसाचं घरटं लटकलेलं. या फेसात अंडी असतात, पिल्लं तयार झाली की टपाटप खाली पाण्यात पडतात. मी त्याचा फोटो काढला आणि मॅनेजरला पाठवायचा म्हणून फोन उघडला, तर रेंज नव्हती. चंदगडच्या आसपास रेंज आली, तोपर्यंत पाठवायचा धीर गेला होता.

१८ जूनला मारुती चितमपल्ली गेल्याची बातमी आली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांचा ‘पक्षिकोश’ मी ग्रंथालयातून आणला. उन्हाळाभर एका पक्ष्याकडे बघत बसलेल्या माणसाला इतके पक्षी एका माणसानं ओळखले, याचं काय वाटतं, ते मला इथं नीट सांगता येत नाही.

सप्टेंबरात गाडी गेली. घेणारा भाजीचा धंदा करतो. त्याला टोपली नको होती, म्हणून पपांनी सुतळी कापली. गाडी गेटाबाहेर पडताना सरकता दरवाजा नेहमीसारखाच करकरला. शमाय आत जाऊन बसली होती.

नाताळात मॅनेजर आला. बारीक झालाय. शमायनं त्याच्यापुढं नेवऱ्यांची ताटली ठेवली आणि आम्ही दोघं पोर्चच्या पायरीवर बसलो. गाडीच्या जागी आता फक्त तेलाचा डाग आहे. बराच वेळ आम्ही बेंगळुरूच्या ट्रॅफिकवर बोललो. मग मी म्हणाले, “तू म्हणालास ते खरं होतं. निमित्तच होतं.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “तू सरळ सांगायचं होतंस की, जाऊ नको म्हणून.”

“सांगितलं असतं तर राहिला असतास?”

“नाही.”

“मग?”

“तरी सांगायचं होतंस.”

यावर मला काही बोलता आलं नाही. मी बेडकाचा फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला, स्वतःला पाठवून घेतला, आणि शेवटची नेवरी मला न विचारता खाल्ली.

टोपली आता आंब्याच्या खालच्या फांदीला टांगलेली आहे. आतलं घरटं आम्ही काढलं नाही. पावसानं निम्मं वाहून गेलंय, पावाच्या पिशवीची पट्टी अजून आहे. डॉक्टर म्हणते, बुलबुल जुन्या घरट्यात सहसा परत येत नाहीत. शमाय म्हणते, डॉक्टरला काय कळतंय. मे यायला अजून वेळ आहे. मासे या वर्षीही काकूंच्या गच्चीवरच जाणार, असं तिनं आत्ताच सांगून ठेवलंय.